राखून ठेवलेली बॅटरी

अहो वीज तोडणारे साहेब, तोंडावर सांगतो, उंब्रजच्या शिवतेजचा घात तुम्ही केलात! तुम्ही तिकडं खटका पाडता आणि इकडं एका पोराचं नशीब बंद पडतं.

पोरगं तरी किती हुशार! पुण्याच्या मावसभावानं कंपनीतून मोडीत निघालेला लॅपटॉप त्याला दिला. तेव्हा अख्ख्या गावात तो एकच. शिवतेजनं त्यावर दूध संस्थेची बिलं काढायचा प्रोग्राम बसवला. चेअरमन भाऊसो म्हणाले, "सोमवारी दाखव. जमलं तर नोकरी तुझी." नाही जमलं तर मंगळवारची पुण्याची एसटी आणि मावसभावाच्या खोलीतला कोपरा. मनुबाई, त्याची आई, त्या एसटीचं नावही घरात काढू देत नव्हती.

"एकच मशिन, आई! घरात टेबलावरचं, भाईर काखंतलं!" शिवतेज छाती काढून सांगायचा. घरी तो त्याला मोठा कीबोर्ड जोडायचा, वायर भिंतीत खुपसायचा आणि बॅटरी काढून ठेवायचा. उगाच झिजायला नको! लुगड्याच्या मऊ फडक्यात, तान्ह्या लेकरासारखी गुंडाळून ती फडताळात झोपलेली असायची.

आता वडील. नाथाजी, फौजेतले निवृत्त हवालदार. रेडिओ घोगरा झाला की सेल काढून पत्र्यावर उन्हात टाकायचे. संध्याकाळी रेडिओ पुन्हा खणखणीत! सोमवारी सकाळी शिवतेज प्रोग्राम तपासत बसला होता, तेव्हा त्यांनी हळूच फडताळ उघडलं. "पोराचं मोठं काम हाय. खाऊ दे जरा ऊन." मे महिना! पत्र्यावर भाकरी भाजली असती. निघायच्या वेळी घाईघाईत, न बघताच बॅटरी परत गुंडाळून त्यांनी पिशवीत घातली आणि कुणाला काही बोलले नाहीत. केलेलं काम सांगत सुटायची त्यांना सवयच नव्हती.

संस्थेत शिवतेजनं वायर लावली.

"बॅटरी न्हाई घालत?" नाथाजींनी विचारलं.

"लाइट हाय तवर कशाला झिजवायची, आबा?"

पडद्यावर भाऊसोंच्या म्हशीचं दूध लिटरसकट उमटलं. संचालक माना लांब करून पुढं सरकले. आणि साहेब, नेमका तेव्हाच तुम्ही खटका पाडलात!

पडदा काळा.

"मेलं का रं?" भाऊसो म्हणाले.

"आवं, हितंच तर गंमत हाय! बिनलाइटीचं चालतं ह्ये!" शिवतेजनं जादूगाराच्या थाटात फडकं सोडलं. आत बॅटरी जुन्या कौलासारखी पाठ वाकवून पडली होती! खाचेत शिरेना. त्यानं दाबली, थोपटली, उलटी केली.

"त्याल लाव, गड्या!" एक संचालक ओरडला.

"सांडशी आणू का?" दुसरा.

बॅटरी काही ऐकेना. हसून हसून लोकांची पोटं दुखली. भाऊसो उठले. "ऱ्हाऊ दे, पोरा. आमचं पेन बरं. अंधारातबी चालतंय."

नाथाजी ताडकन उभे राहिले. टाचा जुळल्या. "चूक पोराची न्हाई. बॅटरी मी उन्हात टाकली, जोर यावा म्हनून. त्याला ठावंबी न्हाई. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

हसणं थांबलं. भाऊसो पुन्हा खुर्चीत बसले.

"आवं हवालदार, कुनी इचारलं नसतानाबी बोललासा! दूध मापायला असाच मानूस आमी कवापासनं हुडकतोय. दुधात पानी दिसलं तरी इथं कुनी तोंड उघडत न्हाई. उद्यापासनं या कामावर!"

"आन् माझं पोरगं?"

"मशिनचं बगू की म्होरल्या साली."

टाळ्या पडल्या. बापलेक घराकडं निघाले. बापाला नोकरी आणि लेकाच्या काखेत लॅपटॉप.

दारात मनुबाई वाटीत साखर घेऊन उभी होती. "लागली न्हवं नोकरी?"

नाथाजींनी शिवतेजकडं बघितलं. शिवतेजनं चपलांकडं.

साहेब, लाइट तुम्ही घालवलीत. आता त्या माउलीला काय सांगायचं, तेही तुम्हीच सांगा. आणि जरा लवकर सांगा, बाई साखर घेऊन उभी आहे!