टॉवेलाखालचा भाव

रेवणमामा कुणाच्याही घरी गेले, की चपला काढायच्या आधी दाराची किंमत काढतात. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करतात, कान देतात आणि म्हणतात, "नवं असताना पंधरा हजार. घसारा धरला का? मग आज चार." घरमालक पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा असतो. मामा पाणी पितात आणि रिकामा तांब्या उलटा करून त्याचं बूड बघतात.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सारी नोकरी त्यांनी सोलापुरात विमा सर्व्हेअर म्हणून केली. कुठं ट्रक उलटला, कुठं ट्रॅक्टर विहिरीत गेला, की मामा तिथं जाऊन नुकसान किती ते ठरवायचे. नवी गाडी कितीची, किती वर्षं पळाली, दरवर्षी किती झिजली. ती झीज वजा करायची. त्या झिजेचं नाव घसारा. नोकरी सुटली, पण घसारा काही सुटला नाही.

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीपेक्षा जास्त वेळ मामाच मला बघत होते. "बॉडी बरी हाय," ते माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पण इंजनाचा आवाज ऐकल्याबिगर काय सांगता येत न्हाई." मग मला बोलायला लावलं. मी घाबरत नाव, गाव, पगार सांगितला. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "चालंल. मॉडेल जुनं हाय, पण सिंगल ओनर हाय." माझं वय तेव्हा एकतीस होतं. त्या शेऱ्यावर आमचं लग्न जमलं. आजही आमच्यात वाजलं की बायको म्हणते, "मामाकडनं पुट्टी तपासायची राहून गेली."

पुट्टी म्हणजे ठोकर लागलेल्या पत्र्यावर भरतात तो लगदा. वरून रंग मारला की कळत नाही. त्यासाठी मामांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असतं. ते पत्र्याला चिकटलं तर पत्रा खरा, घसरलं तर आत पुट्टी. त्यामुळं जुनी गाडी घेणारं अर्धं सोलापूर आधी मामांना घेऊन जातं. मामा चुंबक फिरवतात, आकडा सांगतात. तो विकणाऱ्याला नेहमी कमी वाटतो, आणि तोच शेवटचा ठरतो.

आमच्या शेजारचे सर पाय मोडून दवाखान्यात होते. मामा भेटायला गेले, प्लास्टरवर टकटक केली आणि म्हणाले, "घाबरू नका सर, दुरुस्तीत बसतंय. टोटल लॉस न्हाई." दोन दिवस रडत बसलेल्या सरांच्या बायकोला तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं.

अशा माणसाला मागच्या वर्षी एका गाडीनं पार हैराण केलं.

मैंदर्गीहून महादेवीअक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे मामांचे जुने स्नेही डॉक्टर होते, त्यांच्या पत्नी. डॉक्टर दीड वर्षापूर्वी गेले. त्यांची एक विलायती गाडी होती, दोन दारांची, कापडी टपाची. टप मागं दुमडला की गाडी उघडी. तरुणपणी डॉक्टरांनी ती सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या मिल मॅनेजरकडून घेतली होती. आता पुण्याचा कुणी शौकीन ती मागत होता. "किंमत तुम्ही सांगा, मी घेतो," म्हणाला होता. अक्कांना किंमत कुठली ठाऊक? त्या मामांना म्हणाल्या, "तुमी सांगाल ती. तुमच्या शब्दाभायेर मी न्हाय."

मामा माझ्याकडं आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. आमच्या सोफ्यावर बसले आणि त्याची किंमत काढली नाही. मी समजलो, काहीतरी बिघडलंय.

"जावईबापू, ती गाडी मलाच पायजे," ते म्हणाले.

"मग घ्या की."

"घ्या की काय! किंमत काढणाऱ्यानं ती वस्तू घ्यायची नसती. मी दोन लाख म्हणलं तर अक्का दोन लाखाला देणार. इचारणारसुद्धा न्हाई."

"मग बरोबर किंमत काढा आणि तेवढे द्या."

"तीच तर निघंना!"

मग त्यांनी अडचण सांगितली. नेहमीच्या रीतीनं दरवर्षी दहा टक्के घसारा धरला, तर दहाव्या वर्षीच गाडी शून्यावर येत होती. त्यानंतरची पन्नासेक वर्षं उरत होती. "हिशेबानं गेलो, तर गाडी बी द्यायची आन वर अक्कानंच मला पैसे द्यायचे, असं निघालंय." दुसरी तसलीच गाडी बघून भाव ठरवावा, तर दुसरी होती कुठं? मी आपलं मदत म्हणून सुचवलं, "वजनावर काढली तर?" मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी उठून चहा ठेवायला गेलो.

पंधरा दिवस मामा झुरले. शेवटी त्यांनी मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला, आपणच विकणारे आहोत असं भासवून, फोन केला. गाडी कशी आहे ते बारकाव्यानं सांगितलं. तो म्हणाला, "आठ लाख. आत्ता येऊ?" मामांनी फोन ठेवून दिला आणि ते दोन ग्लास पाणी प्यायले.

आठ लाख म्हणजे मामांच्या बँकेतल्या ठेवीतले जवळजवळ सगळे. हे त्यांच्या मुलाला, बेंगळुरूच्या आनंदला, कुठून तरी कळलं. त्यानं मला फोन केला. "भावोजी, तुम्ही बरोबर जा आणि बाबांना दोनच्या वर जाऊ देऊ नका. बंद पडलेल्या गाडीला आठ लाख? अक्कांना तरी काय कळतंय किंमत!"

मी हो म्हणालो. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. बायकोनं बजावलं होतं, की मामांचं मन मोडू नका. तिलाही मी हो म्हणालो होतो.

एका रविवारी मी मामांना माझ्या गाडीतून मैंदर्गीला घेऊन निघालो. एरवी माझ्या गाडीत बसलं, की ते प्रत्येक खड्ड्याला तिची किंमत कमी करत जातात. त्या दिवशी अक्कलकोट मागं पडलं तरी किंमत जिथल्या तिथं होती.

"बर्री, बर्री," असं कानडीत या-या म्हणत अक्का दारात आल्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, कपाळावर विभूती. त्यांच्या मागं त्यांचा पुतण्या मल्लू हात बांधून उभा. काकूला किती मिळतात आणि त्यात आपला वाटा किती, हे त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि ते तो लपवतही नव्हता.

गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. अंगावर चार सोलापुरी चादरी एकाला एक शिवून घातलेल्या. मल्लूनं त्या ओढल्या तेव्हा मागच्या सीटवरून एक कोंबडी ओरडत उडाली. पिस्त्याच्या रंगाची, बुटकी, गोल दिव्यांची गाडी. कापडी टप फाटला होता, तिथं इरकल लुगड्याचं ठिगळ होतं. मामांचा हात सवयीनं खिशात गेला. चुंबक बाहेर आलं. मग त्यांनी ते तसंच परत खिशात टाकलं.

"ह्याच गाडीचं माझं पयलं काम," ते मला म्हणाले. "डॉक्टरांनी लिंबाच्या झाडाला घातली हुती. मी नवा सर्व्हेअर, रुबाबात आलो. अक्कानं पिठलं-भाकरी घातली, तिथनं ओळख झाली. मग दर दसऱ्याला आमी चौघं ह्यातनं फिरायचो. टप खाली करून. पुढं डॉक्टर आन मी, मागं ह्या दोघी. तुमची मामी लई हसायची. आख्ख्या मैंदर्गीला ऐकू जायचं."

मामी जाऊन सहा वर्षं झाली. तिच्याबद्दल मामांनी एवढं सलग बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

चहा झाला. मल्लू खाकरला. "मग मामा, कितीला बसतीय गाडी?"

मामांनी अक्कांकडं बघितलं. "अक्का, पयलं एक ऐका. गाडी मलाच घ्यायची हाय. तवा मी काढलेली किंमत धरायची का न्हाई, ते तुमी ठरवा."

अक्कांनी पदर खोचला. मग मल्लूकडं एक नजर टाकून म्हणाल्या, "टॉवेल आण."

अक्कांचे वडील बैलबाजारातले दलाल. मामांचे वडीलही बैल घेऊन बाजाराला जाणारे. त्या बाजारात आकडा तोंडानं बोलायचा नसतो. घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात. जितकी बोटं दाबली तितका भाव; पाचाच्या वर गेलं, की उरलेली पुन्हा दाबायची. भोवतीच्या माणसांना फक्त दोन चेहरे दिसतात. हजाराची बोली की लाखाची, तेवढं मोठ्यानं सांगायचं.

"लाखाची," मामा म्हणाले. दोघं शेडमधल्या बाजेवर बसले. मधे टॉवेल. माझी कामगिरी मामांना दोनच्या वर जाऊ न देण्याची, आणि मला नुसता टॉवेल दिसत होता.

मामांचा खांदा हलला. अक्का दचकल्या. "ह्यँ! येवढं व्हय?"

"व्हय."

"न्हाय, न्हाय. खाली या की जरा."

"न्हाई येत."

"आवो, जुनी गाडी हाय. चालूबी न्हाय. खाली या."

मल्लूला राहवेना. "काकू, आपण इकालोय! घ्येत न्हाय! तू त्यास्नी खाली काय वडालीस?"

"तू गप रे," अक्का म्हणाल्या. पुन्हा टॉवेल हलला. "उद्याच्याला औषधपाणी हाय तुमचं. पोरगं काय म्हणंल?"

"पोरगं हितं बसलंय का? तुमी बोटं बघा."

टॉवेल आणखी एकदा हलला आणि मग थांबला. दोघांचेही चेहरे शांत झाले. मला वाटलं, आता आतल्या आत ताणाताणी चालू आहे. मल्लू कंटाळून दाराला टेकला. ती कोंबडी परत येऊन बॉनेटवर बसली. बराच वेळ गेला. शेवटी अक्का हळूच म्हणाल्या, "आयतु." म्हणजे झालं. टॉवेल उचलला गेला.

गाडी कधी नेणार, असं मल्लूनं विचारलं. मामांनी टपाकडं, टायरांकडं बघितलं. "एवढ्यात न्हाई. माझ्या दारात ऊन लागंल तिला. हितं सावलीत बरी हाय. मी येत जाईन रविवारचं, पुसायला." अक्का चादरी घड्या घालत होत्या. त्यांनी एक घडी तीनदा घातली.

परत येताना मी अक्कलकोटच्या अलीकडं चहाला गाडी थांबवली. खिशात फोन वाजत होता, आनंदचा. मी तो वाजू दिला.

"कितीला ठरली, मामा?"

"आठ."

"आठ? त्या इतक्या खाली ओढत होत्या तरी?"

"मुंबईवाला देतोय तेवढं अक्काला मिळाया नको? तिच्यासमोर मी सर्व्हेअर न्हवतो, गिऱ्हाईक हुतो. गिऱ्हाइकाला अक्कल कशाला लागती?"

मी मनातल्या मनात आनंदला सांगायची वाक्यं जुळवू लागलो. एकही जुळेना. "पण मामा, त्यांना आठला आणायला तुम्हाला फार वेळ लागला."

"आठ तर तिसऱ्या खेपेलाच ठरलं हुतं."

"मग नंतर एवढा वेळ काय चाललं होतं टॉवेलाखाली?"

मामांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. रस्त्यावरनं उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. तो पार दिसेनासा होईपर्यंत ते त्याच्याकडं बघत राहिले.

"तिनं हात काढून घेतला न्हाई," ते म्हणाले. "मग मीबी न्हाई काढला."