आरसा काढलेला कॅमेरा

मादन हिप्परग्यात माणिकअण्णा फोटोग्राफरइतका भांडखोर माणूस दुसरा नाही. लग्नात कुणाच्या हातात नवा मिररलेस कॅमेरा दिसला, की अक्षता राहतात बाजूला आणि अण्णा त्याला अडवून विचारतात, "आतला आरसा कुठं टाकलास?"

त्यांचं म्हणणं एवढंच, की जुन्या कॅमेऱ्यात आरसा होता, नव्यात तो काढला, आणि वर किंमत वाढवली. "एक सड कमी असलेली म्हैस जास्त भावानं इकायलेत. कामून घ्यायची?"

मी शाळामास्तर. फोटोतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी कलबुर्गीच्या दुकानात जायचं म्हटलं की मीच लागतो, कारण भांडताना साक्षीदार हवा. माझ्या कितीतरी रविवारांचं मातेरं झालं. अण्णा नवा कॅमेरा उलटासुलटा करतात, "खेळणं हाय" म्हणतात आणि लेन्स पुसायचं फडकं घेऊन निघतात. बसमध्ये उभ्यानं परत येताना "तुमी कायच बोलला न्हाईत" हे वर मलाच ऐकवतात. माझं डोकं फिरतं.

बरं, जुना कॅमेरा तरी धड आहे का? एका लग्नात ऐन मंगळसूत्राच्या वेळी तो बंद पडला. अण्णांनी भटजींना थांबवून मंगळसूत्र पुन्हा बांधायला लावलं. नवरीचे मामा अंगावर धावून आले. तेव्हापासून गावातल्या लग्नांचं काम आळंदची फोटोग्राफर पोरं न्यायला लागली. या लग्नसराईत नवा घेतला नाही, तर धंदा गुंडाळायचा, हे अण्णांनाही कळत होतं. शेवटी दुकानदारानंच वैतागून, वापरून बघा म्हणत एक कॅमेरा घरी दिला.

परत द्यायच्या दिवशी मी तणतणतच त्यांच्या घरी गेलो. अण्णांची एक रीत आहे. दिवसाचा पहिला फोटो बायकोचा, शांताक्कांचा. त्याला ते बोहनी म्हणतात. साखरेच्या दुखण्यानं अक्कांची नजर गेली, तरी रीत मोडली नाही. जुन्या कॅमेऱ्याचा खटका ऐकला, की अक्का बाजेवरून उठायच्या. त्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदाच नव्या कॅमेऱ्यानं बोहनी केली. फोटो निघाला, पण आवाजच आला नाही. अक्का पदर सारखा करून तशाच हसत बसून राहिल्या.

अण्णा नुसते बघत उभे. मला ते बघवेना. दुकानदारानं सांगितलंय, यात आवाज चालू करता येतो, म्हणत मी पुढं झालो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"झालं गं," ते म्हणाले. "चांगला आलाय. लई चांगली दिसायलीस."

एवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

अक्कांचा हात पदरावरच थांबला. "व्हय? आदी कदीच म्हणला न्हाईत तुमी."

अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि ते माझ्यावरच खेकसले. "दुकानदाराला फोन करा, कॅमेरा ठिवून घेतला म्हणून. आन जावा आता, मास्तर. मला आजून एक काढायचाय."