पट्टा कुणाच्या मापाचा?

मोजमाप या विषयात मला कुणी काही शिकवू नये, असं माझं एकोणीसशे शहाण्णवच्या फेब्रुवारीपर्यंत ठाम मत होतं. सतरा वर्षं गणित आणि विज्ञान शिकवत होतो मी! सुप्याजवळच्या आमच्या शाळेत घंटासुद्धा माझ्या मनगटावरच्या घड्याळाला विचारून वाजायची. शिपाई गहिनीनाथला मी बजावून ठेवलं होतं, "आभाळ कोसळलं तरी मधल्या सुट्टीची घंटा बरोब्बर साडेबाराला झाली पाहिजे!" हे वाक्य जरा लक्षात असू द्या. मला ते फार महागात पडलं.

तर आमच्या शाळेच्या अंगणात एक चिंच आहे. उन्हाळ्यात वर्गाचे पत्रे तापले की सातवीचा वर्ग मी तिच्या सावलीत भरवतो. बुंध्याशी मालनबाई बोरं, पेरू, चिंचा घेऊन बसते. वीस वर्षांची तिची ती जागा. त्या वर्षी चिंचेची एक फांदी वाळली आणि नेमकी पाचवीच्या वर्गाच्या पत्र्यावर ओणवी झाली. शाळा समितीचे अध्यक्ष आले, वर बघितलं आणि म्हणाले, "झाडच काढून टाकू. गुरुवारी दुपारी टेम्पो घेऊन माणसं येतील."

"एका फांदीपायी अख्खं झाड? फांदी तेवढी मी उतरवून देतो की!"

"गुरुवारच्या दुपारपर्यंत उतरवा, जस्टिन सर. नाहीतर झाड गेलं म्हणून समजा."

मी निर्धास्त होतो. मालनबाईचा नवरा भिमाजी म्हणजे झाडावर चढण्यात पंचक्रोशीत पहिला नंबर. पण भिमाजी मान खाली घालून म्हणाला, "न्हाई जमायचं, सर. शपथ हाय."

गेल्या वर्षी तो जांभळीवरून पडला होता आणि गळ्याचं हाड मोडून तीन महिने घरी बसला होता. मालनबाई टोपलीमागून कडाडली, "आता पट्टा बांधल्याबिगर मी ह्यांना स्टुलावर बी चढू देनार न्हाई!"

"अहो, पण झाड गेलं तर तुमची जागा जाईल."

"जागा गेली तर दुसरी बघीन. नवरा कुठं दुसरा बघू आता ह्या वयात?"

एवढं बोलून तिनं वर चिंचेकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माझी छाती आपोआप पुढे येते.

"पट्टा मी आणतो!" मी म्हणालो.

सुप्याला तेव्हा एका कारखान्याची शेड उभी राहत होती. तिथल्या स्टोअरमध्ये माझा जुना विद्यार्थी तुषार कामाला होता. बुधवारी संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर तीन पट्टे मांडले. पहिला नुसता कमरेचा, विजेच्या खांबावर चढणाऱ्यांचा असतो तसला. दुसरा खांद्यांपासून मांड्यांपर्यंत, त्यात कुठलं भोक हाताचं आणि कुठलं पायाचं हेच कळेना. तिसरा बाहेरून आलेल्या फिटर लोकांनी मागे ठेवलेला. कमरेला रुंद, आतून मऊ, आणि दोन्ही मांड्यांना वेगळे पट्टे.

"सर, ह्यात बसल्यासारखं लटकता येतं," तुषार म्हणाला.

बसल्यासारखं! मी लगेच तो चढवला आणि सगळी बकलं मला बरं वाटेपर्यंत सैल केली. नुकताच चहा आणि दोन बटाटेवडे झाले होते, त्यामुळे कमरेला जरा जास्तच सैल. मग स्टोअरभर फेऱ्या मारल्या. घरच्या लेंग्यात फिरल्यासारखं वाटत होतं.

"सर, एकदा वजन टाकून बघा," तुषार भीत भीत म्हणाला.

"तुषार, तुला वजन आणि वस्तुमान कुणी शिकवलं?"

"तुमीच, सर."

"मग?"

त्यानं पट्टा पिशवीत भरून दिला. सोबत माहितीचा चार पानी कागद होता. रात्री मी त्यातली तीन पानं वाचली आणि चौथ्यावर झोप लागली. चौथ्या पानावर काय होतं ते पुढे कळलंच.

गुरुवारी बाराच्या सुमारास भिमाजी त्याची एकबैली गाडी घेऊन आला. फांदी न्यायला गाडी आणि गाडी ओढायला पाखऱ्या. पट्टा बघून त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, नाकाला लावून वास घेतला.

"आधी तुमी घालून दावा, सर."

मी घातला. तोवर सगळी शाळा भोवती जमली होती, आणि आमची मुलं एरवी वर्गात एक प्रश्न विचारत नाहीत, पण तेव्हा मात्र!

"सर, हे बैलाचं हाय का?"

"सर, पायाला दोन पट्टे का?"

"सर, ह्यात लघवीला लागली तर?"

शेवटच्या प्रश्नाला मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखा चेहरा केला.

भिमाजीनं दोर चिंचेच्या जाड बेचक्यावरून टाकला. एक टोक माझ्या पट्ट्याच्या कडीला बांधलं आणि दुसरं गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाला.

"गाडीला कशाला?"

"तुमचं वजन माज्यानं वडवंल का? बैल एक पाऊल फुडं, तुमी हातभर वर. बैल मागं, तुमी खाली."

हिशेब बिनचूक होता. पाखऱ्या एक पाऊल पुढे गेला, मी हातभर वर गेलो आणि म्हणालो, "बघा मुलांनो, किती आरामशीर..."

वाक्य तिथेच संपलं! कमरेचा पट्टा सरकत थेट काखेत आला. मांड्यांचे पट्टे नको तिथे आवळले. शर्ट वर गेला, गुडघे छातीशी आले आणि घडी घातलेल्या सतरंजीसारखा मी मधोमध दुमडलो. हात इतके वर अडकले की बकलापर्यंत पोचेनात.

"भिमाजी! खाली!"

"घेतो, घेतो," म्हणत भिमाजी पाखऱ्याच्या वेसणीला हात घालणार, तेवढ्यात साडेबारा वाजले.

आता पाखऱ्याची एक गोष्ट सांगायची राहिली. रोज मधल्या सुट्टीत भिमाजी मालनबाईला भाकरी घेऊन येतो आणि पाखऱ्याला चिंचेपलीकडच्या हौदावर पाणी दाखवतो. घंटा झाली की पाणी, हे त्या बैलाला पाठ! आमच्या अर्ध्या पोरांना सातचा पाढा तेवढा पाठ नाही. टोले पडताच पाखऱ्यानं मान हलवली आणि गाडीसकट हौदाकडे निघाला. आणि मी निघालो वर!

"गहिनीनाथ, घंटा थांबव!" मी ओरडलो.

"साडेबारा झाल्यात, सर!" तो तिकडून ओरडला आणि टोले देतच राहिला. "आबाळ कोसळलं तरी, तुमीच सांगिटलंय!"

आभाळ कोसळत नव्हतं, मीच त्याच्याकडे चाललो होतो! दोन पुरुष उंचीवर बेचक्याशी माझं डोकं टेकलं, तेव्हा कुठे पाखऱ्या हौदाशी पोचून थांबला. भिमाजीनं धावत जाऊन चाकाखाली दगड सारले.

"आता मागं घ्या त्याला!"

"पानी प्याल्याबिगर त्यो सरत न्हाई, सर. लई हट्टी हाय."

आणि त्याच वेळी फाटकातून टेम्पो आत आला. पुढे अध्यक्ष, मागे कुऱ्हाडी घेतलेली चार माणसं. अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं.

"जस्टिन सर कुठायत?"

दीडशे मुलांनी एकदम वर बोटं केली. अध्यक्षांनी वर बघितलं, टोपी सावरली आणि विचारलं, "फांदी उतरली का?"

मला उत्तर द्यायलासुद्धा श्वास पुरत नव्हता. तेव्हा मालनबाई उठली. चिंचा पाडायची तिची लांब आकडी तिनं घेतली, टोकाला भिमाजीची करवत आणि एक दोर अडकवला, आणि आकडी माझ्या नाकाशी आणून धरली.

"उतरतीया की! सर गेल्यातच वर. आता गेल्यातच तर..." ती अध्यक्षांना म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, "सर, येवढं करा. तुमच्या पाया पडते."

काय करणार! वीस वर्षांची तिची सावली माझ्या नाकाशी लोंबत होती.

"आधी पट्टा आवळा!" खालून भिमाजी ओरडला. "एक पाय खालच्या फांदीवर ठिवा. वजन पायावर घ्या. आता कमरंचा पट्टा खाली वढा, हाडाच्या वर बसवा आन् आवळा! उभ्या बैलाला साज सैलच बरा वाटतो, सर. वझं आलं की सोलून काढतो!"

पट्टा जन्मात न घातलेला माणूस मला चौथं पान शिकवत होता! मी कंबर आवळली. मग एक मांडी, मग दुसरी, हाताचा पंजा जेमतेम आत जाईल इतपत. धीर करून फांदीवरचा पाय सोडला आणि काय आश्चर्य! मी चक्क बसलो होतो. काही टोचेना, काही सरकेना. हात मोकळे. चिंचेच्या पानांतून पुण्याचा रस्ता दिसत होता, सुप्याची ती शेड दिसत होती, आमच्या घराच्या गच्चीवर माझी बायको आराधना पापड वाळत घालताना दिसत होती. झाडावरून आपलं गाव असं दिसतं हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. क्षणभर मला खाली यावंसंच वाटेना.

मग फांदीला दोर बांधून खाली सोडला. टेम्पोवाल्या माणसांनी तो अंगणाच्या बाजूला ताणून धरला आणि मी करवत चालवली. अर्धा तास लागला. फांदी अंगणात पडली, पत्र्याला खरचटलंसुद्धा नाही. एव्हाना पाखऱ्याचं पाणी पिऊन, रवंथ करून झालं होतं. तो गुमान मागे सरला आणि मी जमिनीवर आलो.

अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या झाड." मालनबाई ढसाढसा रडली आणि माझ्या दोन्ही खिशांत बोरं कोंबली. भिमाजी लाजत म्हणाला, "सर, द्या इकडं पट्टा. म्या बी घालून बघतो."

मालनबाईनं डोळे पुसले आणि तो माझ्या हातातून हिसकून घेतला. "काई गरज न्हाई! त्यो सरांच्या मापाला बसलाय आता."

पुढचे चार दिवस मी उभ्यानं शिकवलं. उभ्यानंच जेवलो. आराधनानं तेल गरम करून दिलं, पण तिचं हसू काही थांबेना. शुक्रवारी पट्टा परत करायला गेलो, तर तुषारच्या साहेबांनी सगळी हकीकत ऐकून, खूश होऊन तो शाळेलाच भेट देऊन टाकला. वर तुषार म्हणाला, "सर, बकल हलवू नका. बरोबर जमलंय."

आठवड्यानं अध्यक्षांची चिठ्ठी आली. मला वाटलं, आभाराचं पत्र असणार. मी ते वर्गात मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला आवाज बारीक केला.

"आदरणीय सर, आमच्या मळ्यातल्या कडुनिंबाच्या दोन फांद्या विहिरीवर आल्या आहेत. आपल्या सवडीने यावे. येताना पट्टा आणावा. बैल आम्ही पाठवतो."