पहिल्या बेसवरचे उत्तमभाऊ

आमच्या उत्तमभाऊंच्या हातात कोणी काही देऊ शकत नाही. द्यायला गेलं की ते मागं सरतात, एक पाय उंबऱ्याला टेकवतात, हात लांबवतात आणि म्हणतात, "फेक!" मग साखरेची पुडी असो की घराची किल्ली. स्वतःच्या लग्नातही त्यांनी वधूला हार फेकायला सांगितला होता. वहिनींनी तो फेकला आणि संसार सुरू झाला.

रिसोडच्या आमच्या शाळेत एका हौशी सरांनी बेसबॉल आणला, तिथून ही खोड लागली. उत्तमभाऊ पहिल्या बेसवर, त्यांचा धाकटा भाऊ परल्हाद तिसऱ्यावर. मी राखीव, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. परल्हादनं त्या टोकाहून बॉल हाणायचा आणि उत्तमभाऊंनी बेसवरचा पाय न सोडता झेलायचा. पाय सुटला की धावणारा वाचला. यांचा कधी सुटला नाही.

पुढं दोघं भाजीपाला करू लागले. पत्ताकोबी टेम्पोत भरायची तीही तशीच, एकानं फेकायची, दुसऱ्यानं झेलायची. मग वाटणी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि बोलणं बंद. दोघांच्या वावरांत फक्त एक धुरा, म्हणजे मातीचा बांध. माझं शेत शेजारीच, म्हणून मी मध्ये पडलो.

"भाऊ, तुमी मोठे. एक पाऊल पुढं टाका ना."

"पयल्या बेसवाल्यानं जागा सोडाची नसते. बॉल तिकून याले पायजे."

अशा माणसापुढं काय डोकं फोडणार!

यंदा परल्हादला लकवा मारला, उजव्या हातातला जोर गेला. उत्तमभाऊ तरी गेले नाहीत. रोज धुऱ्यावर उभं राहून त्याच्या घराकडं बघायचे, बस.

परवा दोघांचा माल एकाच टेम्पोत जायचा होता. परल्हाद काठी टेकत आपल्या वावरात आला. भावाला पाहून त्यानं त्याच उजव्या हातानं एक गड्डा उचलला.

"भाऊ, झेल!"

उत्तमभाऊंचा पाय आपोआप धुऱ्याला टेकला, हात लांबले. गड्डा मधेच पडून घरंगळला. दुसराही तिथंच पडला.

"पोचून नाई राह्यला गा," परल्हाद ओशाळून हसला.

उत्तमभाऊंनी पाय उचलला. धुरा ओलांडून गेले आणि तिसरा गड्डा त्याच्या हातातून आपल्या हातात घेतला.

परतताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाय लय आधी उचलाले पायजे होता गड्या. काय हात होता त्याचा!"