गुरुजींची फुंक आणि शास्त्राची प्रगती

माणसाचा श्वास ही त्याची खाजगी बाब असून तो शेजाऱ्यांना ऐकू जाता कामा नये, हे तत्त्व रत्नागिरीत पूर्वापार मान्य आहे. धाप लागणे हा इकडे आजार नसून बदनामी आहे. त्यामुळे २००३ साली फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा अभ्यास करायला मुंबईहून डॉक्टरांचे पथक आले, तेव्हा शहरात एकही रुग्ण नव्हता. तपासणीत आकडे मिळतात आणि त्यांची तुलना करता येते, असे कळल्यावर एक्केचाळीस निघाले.

अभ्यासाचा विषय भारदस्त होता. श्वासनळीला सूज आली की काहींच्या बेडक्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढतात. अशांची नळी पंपाने जास्त मोकळी होते का, हे पाहायचे. म्हणून आधी बेडका द्यायचा, मग यंत्रात फुंकायचे, मग पंप ओढायचा, थोडा वेळ बसायचे (गप्प, हे सर्वांत अवघड गेले) आणि पुन्हा फुंकायचे. दुसरी फुंक पुरेशी सरस निघाली तर वर्षभर नवे औषध. अट एकच: घरून पंप ओढून यायचे नाही.

परशुराम गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, यांना हे औषध हवेच होते. त्यांचे घर पाखाडीच्या वरच्या टोकाला. जांभ्याच्या त्या पायऱ्या आता त्यांना चढवत नसत, म्हणून ते उतरतही नसत. वाचनालय, मासळीबाजार आणि मतभेद, तिन्ही खालीच असल्यामुळे तिन्ही बंद पडले होते.

पण परीक्षेला तयारीशिवाय जाणे गुरुजींना ठाऊक नव्हते. पाहुणे यायच्या आधी आपण अंगण झाडतो, तशी त्यांनी सकाळी छाती झाडून घेतली. चार वेळा पंप ओढला.

"अहो, ओढू नका म्हणून सांगितलंय ना?" वासंतीकाकू म्हणाल्या.

"ते ढ मुलांसाठी."

यंत्रावर त्यांचाच जुना विद्यार्थी उन्मेष होता. "फुंका सर! अजून! अजून! अर्धवट सोडू नका!" तो ओरडला. (गुरुजींनी त्याला सातवीत वर्षभर बाकावर उभे केले होते; आवाजात जिव्हाळा होता.) फुंक उत्तम आली. पंप ओढून दुसरी फुंक घेतली, तीही तितकीच उत्तम. आकडा जागचा हलला नाही.

उन्मेष हळूच म्हणाला, "सर, सकाळी पंप ओढलात काय? ओढला असेल तर सांगा. सोमवारी परत फुंकू."

एक "हो" म्हटले की पाखाडी सर होणार होती. गुरुजींनी मागची रांग पाहिली. सगळे पालक.

"मला कशाला लागतोय पंप?"

"मग आलात कशाला?" मागून अहमदभाई म्हणाले. हे तीस वर्षे जहाजावर स्वयंपाकी, गुरुजींचे पाखाडीवरचे शेजारी. त्यांची छाती दारापर्यंत वाजत होती.

"तुम्ही असे आलात? काही घेतल्याशिवाय?" गुरुजींनी दबक्या आवाजात विचारले.

"दवाखान्यात आलोय गुरुजी, मुलगी बघायला नाही."

"अहो…" सोबत आलेल्या वासंतीकाकू म्हणाल्या.

"तू गप्प बस."

बेडक्यात मात्र गुरुजींनी कमाल केली. तीन टक्के इओसिनोफिल पुष्कळ मानतात; गुरुजींना अकरा मिळाले.

"म्हणजे चांगलं की वाईट?" अहमदभाईंनी विचारले.

"जिल्ह्यात पहिला."

पथकप्रमुख गोंधळले. इतक्या इओसिनोफिलवाल्याला पंपाचा गुण यायलाच हवा होता. पण अहमदभाई वगळता चाळीसच्या चाळीस जणांचा आकडा जागेवर होता. (चाळीसही जण चांगल्या घरातले; छाती झाडल्याशिवाय कोण येणार?) तेव्हा शास्त्राला पुढीलप्रमाणे प्रगती करावी लागली: रत्नागिरीत इओसिनोफिल आणि पंप यांचा परस्परांशी संबंध नाही. येथील जनतेची श्वासनळी पंपाला दाद देत नाही. कारण अज्ञात, बहुधा दमट हवा. सबब चाळीस जणांना औषध देण्यात अर्थ नाही.

हे ऐकून चाळीस घरांत समाधान पसरले. दोन ठिकाणी अडलेल्या सोयरिकी जुळल्या.

अडचण एवढीच झाली, की आता गुरुजींना जुना पंपही विकत घेता येईना. औषधवाला त्या रांगेत पुढेच उभा होता. (तोही ठणठणीत निघाला.)

अहमदभाई हल्ली नव्या औषधावर बांगडे घेऊन पाखाडी चढतात. ठणठणीत ठरल्यामुळे गुरुजींनाही आता रोज खाली उतरणे आले; परतताना निम्म्या वाटेवर ते बसलेले असतात.

"काय गुरुजी, बसलात?"

"समुद्र… बघतोय."

तिथून एक फणस आणि अहमदभाईंची पाण्याची टाकी दिसते. अहमदभाई टाकीकडे बघत "झकास आहे" म्हणतात आणि पुढे होतात.

आपण कधी त्या वाटेने गेलात तर जरूर टेका. गुरुजी सरकून जागा देतील. समुद्र आपल्यालाही दिसेल. दम लागला म्हणून बसलात, असे कोणी म्हणणार नाही. आपल्याला कुठे दम लागतोय? मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारले तेव्हा आपण तेच तर सांगून आलात.