सिस्टर कलावतीबाईंचा उगारलेला हात

श्री. मनाचा ठाव ज्यास एकल्यास ठाऊक, त्या देवास नमन करोन वर्तमान लिहितो. शके १९४४, शुभकृत नाम संवत्सरे, माघमासी एका राज्यात मनोरुग्णांचे थोर इस्पितळ होते, आणि तेथे स्त्रियांचे वॉर्डावर सिस्टर कलावतीबाई वाघमोडे बहुत वर्षे चाकरी करीत होत्या. रुग्ण उदंड, परिचारिका मोजक्या. कोणी चावे, कोणी केस ओढी, आणि बाई हसोन म्हणत, "आजार बोलतो, माणूस नव्हे." मग एके दुपारी यमुनाबाई नामे रुग्ण स्त्रीने वरणाची वाटी बाईंचे तोंडावर भिरकाविली, आणि बाईंचा हात वर गेला, आणि तेथेच थबकला. यमुनाबाई त्या हाताकडे नवलाने पाहो लागली आणि पुसती जाहली, "सिस्टर, मारणार होतीस ना गं?" हा राग कोठोन आला, कधीपासोन साचत होता, ऐसे कुतूहल बाईंचे मनात उठले, आणि भयही उठले. मग तोंड न धुताच त्या मेट्रन द्वारकाबाई साळवी यांजकडे गेल्या. सर्व परिचारिकांवर द्वारकाबाईंचा अंमल, आणि स्वभाव कडक म्हणोन ख्याती. बाई बोलिल्या, "मॅडम, आज मी पेशंटवर हात उगारला. मारले नाही. पण मारले असते." आता चाकरी गेली, ऐसे त्यांस वाटले. परंतु मेट्रननी पुसले, "घरी शेवटची कधी हसलीस?" बाईंनी आठवोन पाहिले, आठवेना, आणि तेव्हा डोळ्यांस धार लागली. मेट्रन म्हणाल्या, "मलाही आठवत नाही गं. सवय होईल, सवय होईल म्हणत तुम्हां पोरींना मीच पुढे ढकलले. तू इथे बस, वॉर्ड मी बघते." आणि खुर्ची सोडोन स्वतः यमुनाबाईंस भरवावयास गेल्या, आणि पदरावर वरण घेवोन परतल्या, आणि तैशाच मुख्य डॉक्टरांपुढे जावोन उभ्या राहिल्या: "माणसे द्या. नाहीतर उद्यापासून मी वॉर्डातच उभी राहते, माझे ऑफिस तुम्ही सांभाळा." डॉक्टरांनी आढेवेढे बहुत घेतले, मग एक परिचारिका तूर्त दिली, अधिक मागितल्या त्या मिळाल्या नाहीत.

येणेप्रमाणे जाहले. मनुष्यबळ अपुरे ते अपुरेच. परंतु जिचा जीव थकला तिणे मोकळे बोलावे, आणि दुसरीने तिचे काम उचलावे, ऐसा रिवाज त्या इस्पितळात पडला. कलावतीबाई रजा घेवोन माहेरी गेल्या, पोटभर निजल्या, आणि आपखुशीने परतल्या. भीती वाटते, हे त्यांनी वॉर्डाचे दारातच मेट्रनना सांगितले, आणि दोघी मिळोन आत गेल्या.