मंगळवारचं इमान

मन्मथअप्पांच्या दुकानातून बिननावाचं भांडं बाहेर पडत नाही. नांदेडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. चमचा घ्या नाहीतर हंडा घ्या, अप्पा विचारणार, "नाव टाकू न?" हा प्रश्न नसतो. आपण उत्तर देईपर्यंत नाव कोरायचं मशीन तिसऱ्या अक्षरावर पोचलेलं असतं. माझ्या घरी उलथन्यावर नाव आहे, किसणीवर आहे, चहाच्या गाळणीच्या कडेवरसुद्धा आहे. एकदा मी म्हणाले, "अप्पा, गाळणी कोण चोरणार आहे?" तर म्हणाले, "चोरायचं सोडा बाई. भांडं लोकाच्या घरी जातं. त्याला वापस यायला आपलं घर घावलं पायजे."

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून निवृत्त झाले तरी गल्लीला मी 'बाई'च आहे. अप्पांच्या शुद्धलेखनाशी माझं जुनं वैर. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी दिलेल्या ताटावर 'हार्दीक शुभेछ्या' असं आहे. मी तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवली. अप्पा शांतपणे म्हणाले, "बाई, स्टीलवर खोडरबर चालत न्हाई." त्या ताटात मी आजही जेवते, पण आधी भात वाढून घेते, म्हणजे ती अक्षरं झाकली जातात.

आणखी एक शब्द अप्पांच्या तोंडात कधी बसला नाही. विमानाला ते 'इमान' म्हणतात. सचोटीलाही 'इमान'च म्हणतात. तो उर्दू शब्द आमच्याकडे निजामाच्या राजवटीपासून घरचाच झालाय. त्यामुळे "आज इमान लेट हाय" आणि "त्या मानसाला इमानच न्हाई" ही दोन वाक्यं एका दमात ऐकली की नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, कुणीतरी विमान बाळगून होता आणि त्याचं ते गेलं.

अप्पांच्या बोलण्यात इमान येतं ते त्यांच्या लेकीमुळे. महादेवी त्यांची एकुलती एक. ती स्वस्त तिकिटांच्या एका छोट्या विमान कंपनीत हवाई सुंदरी आहे. अप्पांना तो शब्द आवडत नाही. "सुंदरी काय? लेकरू कामाला हाय तिथं," म्हणतात. तिचं राहणं हैदराबादला. दर मंगळवारी दुपारी ती ज्या विमानावर असते ते हैदराबादहून नांदेडला येतं, पंचवीस मिनिटं थांबतं आणि परत जातं. त्या पंचवीस मिनिटांत तिला विमान सोडता येत नाही. माहेरच्या गावात उतरायचं, माहेरची हवा घ्यायची आणि दारातूनच मागे फिरायचं.

म्हणून मंगळवारी बाराला अप्पांचं दुकान बंद. कपाळावर ताजी विभूती, हातात डबा, आणि अप्पा विमानतळाच्या जाळीच्या कुंपणापाशी. तिथे एका कोपऱ्यातून विमानाचा जिना दिसतो. महादेवी दारात येऊन उभी राहते. इतक्या लांबून ती बोटाएवढी दिसते, पण अप्पा सांगतात, "आज पोरगी वाळली," नाहीतर, "आज खुशीत हाय." काकू, म्हणजे महादेवीची आई, वारल्या तेव्हापासून डब्यातले धपाटे अप्पा स्वतः थापतात. ते जरा जाड होतात. सोबत शेंगदाण्याची चटणी.

आता डबा आत जाणार कसा? तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. मग अप्पा दाराशी उभे राहून एखाद्या प्रवाशाला गाठतात. प्रवासी बिचकतो, कारण अनोळखी माणसाकडून वस्तू घेऊ नका, असं आत भोंग्यावर सारखं सांगतात. अप्पांनी त्यावर इलाज काढलाय. ते ओळखच करून देतात. "मी मन्मथअप्पा. गाव देगलूरकडलं. सासुरवाडी रेणापूर. तुमी कुठले? बिलोली? बिलोलीत आमचे साडू हाईत की." पाच मिनिटांत काही ना काही नातं निघतंच. मग अप्पा डबा पुढे करतात. "घ्या. आता तर वळख झाली न."

माझा मुलगा हैदराबादला असतो, त्यामुळे महिन्यातला एक मंगळवार मी त्यांची ठरलेली हमाल. तपासणीवाला डबा उघडतो, वास घेतो आणि झाकण लावतो. विमानात महादेवी हसून "वेलकम मॅम" म्हणते, डबा घेते आणि हळूच विचारते, "बीपीची गोळी घेतात का हो?" उतरल्यावर मी अप्पांना फोन करून सांगते. या सगळ्याला आम्ही तिघं भेट म्हणतो.

मी एकदा विचारलं, "अप्पा, तिला आईवडलांसाठी फुकट तिकीट मिळतं. एकदा बसा ना." अप्पांनी कानाला हात लावला. "लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये बाई." मी म्हटलं, तिथे फुकट काही नसतंच, पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं. हे ऐकून कंपनीबद्दलचा त्यांचा आदर वाढला. "लई चांगली रीत हाय," म्हणाले. तरी गेले नाहीत. पुष्कळ दिवसांनी खरं कारण कळलं. "मी बसलो तर तिला मला सर म्हनावं लागंल. बापाला सर म्हनायची पाळी लेकरावर कशाला आनायची?"

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी अप्पा वर्तमानपत्र घेऊन माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. बातमीचा मथळा होता की महादेवीची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या स्वस्त कंपनीत विलीन होणार. कंपन्यांची नावं मी सांगत नाही, कारण कंपन्यांना विनोद झेपत नाहीत. एकीला थोरली म्हणू, महादेवीची ती धाकटी.

अप्पा ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "कवा झालं हे? आजारी होती का?"

आधी माझ्या लक्षात येईना. मग उजेड पडला. आमच्याकडे 'विलीन' हा शब्द लोक एकाच ठिकाणी वाचतात. अमुक अमुक अनंतात विलीन. चौकातल्या फलकावर, फोटो आणि हारासकट. अप्पा समजले होते की कंपनी वारली. त्यांच्या समाजात माणूस गेला की लिंगैक्य झाला म्हणतात, आणि तोंडातल्या तोंडात ते तसलंच काही पुटपुटतही होते.

मला हसू आवरेना. तीस वर्षं समानार्थी शब्द शिकवल्याच्या तोऱ्यात मी म्हणाले, "अहो, वारली नाही. लग्न झालं समजा. दोन घरं एक झाली."

माझं हे एक वाक्य मला महागात पडलं. अप्पा सावरून बसले. "लगीन व्हय? मग यात नवरी कोन?"

"जिचं नाव जातं ती," मी म्हणाले.

"म्हंजे आपली."

"हो. विमानावर आता थोरलीचं नाव."

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्यांनी जे विचारलं ते कुठल्याही व्याह्याने विचारावं असंच होतं. माणसं कशी आहेत? आधी कुणाला करून सोडून दिलंय का? आणि शेवटी, "त्ये लोक आपलीला मंगळवारी धाडतील न?" तेव्हा मला कळलं की त्या मथळ्यात त्यांनी काय वाचलं होतं. कंपनीत काही उलथापालथ झाली की वेळापत्रकं नव्याने लागतात आणि लहान गावांच्या फेऱ्या आधी कापतात, हे गल्लीतल्या कुणीतरी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. ते खरंही होतं. बघू, मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात अप्पा लातूरला ठोक बाजारात गेले आणि स्टीलची एक मोठी कळशी घेऊन आले. आरशासारखी लख्ख. मला बोलावून दाखवली. गळ्याभोवती कोरलं होतं: 'चि.' पुढे थोरलीचं नाव, 'चि. सौ. कां.' पुढे धाकटीचं, 'यांच्या शुभविवाहाप्रित्यर्थ सप्रेम आहेर.' शुद्धलेखनाच्या चुका दोन. मी एकही दाखवली नाही. एवढंच म्हणाले, "अप्पा, लोक हसतील हो."

"लग्नात हासावंच की," अप्पा म्हणाले.

मंगळवारी माझी पाळी होती. त्या दिवशी डब्याबरोबर कळशीही माझ्याच हातात आली. विमानतळावर धाकटीच्या खिडकीवरचा व्यवस्थापक बिहारकडचा, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. मी कळशी काचेपलीकडे सरकवली आणि शरमून सगळी हकिकत हिंदीत सांगितली. तो खो खो हसला. त्याचे दोन सहकारी आले, तेही हसले. फोटो निघाले. मग नीट निरखायला त्याने कळशी उलटी केली आणि म्हणाला, "मॅडम, नीचे भी कुछ लिखा है."

बुडाशी, जिथे अप्पा एरवी दुकानाचं नाव टाकतात, तिथे बारीक अक्षरांत मजकूर होता. तो मीही पाहिला नव्हता. मी वाचून दाखवला:

'लेक तुमच्या पदरात घातली आहे. चुकलंमाकलं पोटात घाला. मंगळवारी माहेरी धाडत जावी.'

खाली फक्त 'मन्मथअप्पा.' चूक एकही नव्हती. मी त्याचा हिंदीत अर्थ सांगितला. त्या व्यवस्थापकाने कळशी सरळ केली, रुमालाने बोटांचे ठसे पुसले आणि आपल्या टेबलावर ठेवली. "हमारी भी बहन की शादी अभी हुई है," एवढंच म्हणाला.

कळशीने वेळापत्रक बदलत नाही हे मला ठाऊक होतं, आणि अप्पांनाही असणार. पण मंगळवारची फेरी कापली गेली नाही. विमानाची शेपटी नव्या रंगाची झाली, पोटावर थोरलीचं नाव आलं, आणि विमान त्याच वेळी नांदेडला उतरत राहिलं. अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. "इमानानं वागले लोक," म्हणाले. दोन्ही अर्थांनी खरं होतं.

ते पेढे जेमतेम दोन आठवडे पुरले. दोन्हीकडची माणसं एकत्र केल्यावर कुणाला कुठे टाकायचं याची नवी यादी निघाली, आणि महादेवीला कलकत्ता मिळालं. कळशीवर अप्पांनी फेरी मागितली होती, आणि फेरी शाबूत होती. लेक मात्र गेली. तिने रडत फोन केला तेव्हा अप्पा तिला म्हणाले, "सासर म्हनलं की असं व्हतंच." मग दोन दिवस दुकान उघडलं नाही.

पुढच्या मंगळवारी मला हैदराबादला जायचं होतं. रिक्षातून उतरते तो दाराशी अप्पा. विभूती ताजी, हातात डबा. मला वाटलं, या माणसाला विसर पडायला लागला. मी हळूच म्हणाले, "अप्पा, महादेवी नाही आज विमानात."

"ठाव हाय की. कलकत्त्याला हाय."

"मग डबा कुणाला?"

"जी कोनी असंल तिला. तीबी कोनाची लेकच न? तिच्या बापाला कुठं ठाव हाय, ती आज नांदेडात उतरली म्हनून."

विमानात एक नवी मुलगी होती. लांब ईशान्येकडची, गालावर खळी, छातीवरच्या पट्टीवरचं नाव मला उच्चारता येईना. मी डबा दिला. तिने आधी घेतला नाही, नियम सांगितला. मग मी अप्पांचीच रीत वापरली आणि सगळी ओळख करून दिली. तेव्हा तिने डबा घेतला. सगळे चढले, पण दार अजून उघडं होतं, तेव्हा ती दारात गेली आणि कुंपणाच्या दिशेने बघत थोडा वेळ उभी राहिली. हैदराबाद यायच्या आत तिने रिकामा डबा पुसून आणून दिला. डोळ्यांत पाणी होतं. चटणी तिखट असते.

परत आले ती तडक दुकानात गेले. अप्पा एका पातेल्यावर कुणाचं तरी नाव टाकत होते. मी डबा दिला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. "समदं खाल्लं?"

"सगळं. वर काही उरलंय का विचारत होती," मी थोडं पदरचं घातलं.

अप्पांनी मशीन बंद केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तिकडं कलकत्त्यात बी जाळीपाशी कोनी उभा ऱ्हात असंल का वो?"

जे आपल्याला माहीत नाही ते ठामपणे सांगू नये, असं मी मुलांना तीस वर्षं शिकवलं.

"असेलच की, अप्पा," मी म्हणाले.